एका कांद्याचे दोन हिशेब

चंदीगड नगरीला लागूनच पंजाबात मोहाली हे शहर वसले आहे. चंदीगडच्या सेक्टरांची क्रमवारी तेथेही पुढे चालू राहते; त्यांपैकीच एक सेक्टर ६७. समजा, नोकरीच्या निमित्ताने एक मराठी कुटुंब तेथे राहावयास गेले आहे. संध्याकाळची वेळ आहे. आई कांदा चिरीत आहे आणि अकरावीत शिकणारी कन्या जवळच अर्थशास्त्राचे पुस्तक उघडून बसली आहे.

“आई, सूक्ष्म अर्थशास्त्र आणि स्थूल अर्थशास्त्र अशी दोन शास्त्रे कशाला गं? पैसा तर एकच असतो ना?”

“ते मला नाही ठाऊक. पण हाच कांदा गेल्या महिन्यात तीस रुपये किलो होता, आज साठ रुपये मोजून आणला. असे का होते, ते तुझ्या पुस्तकात आहे का बघ.”

मायलेकींचे हे दोन प्रश्न वरवर पाहता वेगळे आहेत. परंतु दोहोंचे उत्तर त्या चिरलेल्या कांद्यातच आहे. त्याचा शोध घेण्यासाठी मोहालीहून हजार किलोमीटरहून अधिक दूर, नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यात जावे लागेल. उत्तर भारतातील मंडयांना नाशिकचा कांदा नवा नाही, आणि त्या जिल्ह्यातील लासलगावची बाजार समिती तर कांद्याच्या व्यापारासाठी देशभर प्रसिद्ध आहे.

शेतकऱ्याची निवड, गृहिणीची निवड

सूक्ष्म अर्थशास्त्र, अथवा जुन्या पाठ्यपुस्तकांच्या भाषेत अंशलक्षी अर्थशास्त्र, एका व्यक्तीपासून, एका वस्तूपासून व एका बाजारापासून प्रारंभ करते. त्याचा पहिला सिद्धान्त असा की, माणसाच्या गरजा अमर्याद आणि साधने मर्यादित असतात. म्हणून त्याला निवड करावी लागते.

निफाडचा शेतकरी दिवाळीच्या सुमारास बांधावर उभा राहून विचार करतो. जमीन दोन एकर आहे, विहिरीचे पाणी मोजके आहे. कांदा लावावा, की गहू पेरावा, की हरभरा? कांदा लावला तर गव्हाचे उत्पन्न बुडाले. ज्या उत्पन्नावर त्याने पाणी सोडले, ते उत्पन्न हाच कांद्याचा एक खर्च होय. बियाणे, खत आणि मजुरी यांची नोंद वहीत होते. हा खर्च मात्र वहीत लिहिला जात नाही. अर्थशास्त्रात त्याला संधित्यागाचा खर्च म्हणतात. विद्यार्थ्यांनी हे तत्त्व नीट ध्यानी घ्यावे. कारण सुटीचा दिवस अभ्यासात घालवावा की क्रीडांगणावर, या प्रश्नालाही तेच लागू पडते.

इकडे मोहालीची गृहिणीही निवडच करीत असते. पहिला किलो कांदा तिला अत्यावश्यक वाटतो, कारण फोडणी त्यावाचून होत नाही. दुसरा किलो सोयीचा असतो. पाचवा किलो फुकट मिळाला तरी ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न पडतो. वस्तूचा साठा वाढत जातो, तसतसे तिच्या पुढील नगाचे महत्त्व कमी होत जाते. यालाच घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम म्हणतात. किंमत उतरल्यावाचून ग्राहक अधिक खरेदी का करीत नाही, याचे मूळ या साध्या अनुभवात आहे.

लिलावाच्या ओट्यावर

सकाळी लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. व्यापारी एकेका वाहनापाशी येतात, कांदा हाती घेऊन पाहतात आणि क्विंटलमागे भाव पुकारतात. उघड लिलाव हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी एक जिवंत पाठच आहे. मागणी आणि पुरवठा या पुस्तकातल्या दोन रेषा येथे माणसांच्या रूपाने समोरासमोर उभ्या राहतात.

किंमत मागणीने ठरते की पुरवठ्याने, असा वाद एकोणिसाव्या शतकात फार रंगला होता. केंब्रिजचे प्राध्यापक आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याचे मार्मिक उत्तर दिले. कात्रीने कागद कापताना वरचे पाते कापते की खालचे, असा वाद जसा व्यर्थ, तसाच हाही, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही पाती मिळून कापतात.

परंतु कांद्याच्या कात्रीचे एक पाते फारसे हलत नाही. भाव निम्मा झाला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही. आणि भाव दुप्पट झाला म्हणून कोणी कांदा सर्वस्वी सोडूनही देत नाही. किंमत बदलली असता मागणी किती बदलते, या गुणाला लवचिकता म्हणतात. कांद्याची मागणी अलवचिक आहे. या एका शब्दात निफाडच्या शेतकऱ्याचे सुखदुःख सामावलेले आहे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या बाजारात १०० क्विंटल कांदा येतो व १,५०० रुपये क्विंटल या भावाने विकला जातो. सर्व शेतकऱ्यांच्या हाती मिळून दीड लाख रुपये पडतात. पुढच्या वर्षी पाऊसपाणी उत्तम झाले, कांदा १२० क्विंटल आला. एवढा माल खपावयाचा तर भाव बराच उतरावा लागतो. तो ९०० रुपयांवर येतो. आता एकूण रक्कम झाली १ लाख ८ हजार. म्हणजे पीक पाचव्या हिश्शाने वाढले आणि उत्पन्न मात्र चौथ्या हिश्शाहून अधिक घटले!

भरघोस पीक यावे अशी प्रार्थना प्रत्येक शेतकरी करतो, आणि ती योग्यच आहे. एकट्याचेच पीक भरघोस आले तर तो सुखी होईल. पण सर्वांचीच प्रार्थना एका वर्षी फळाला आली, तर सर्वच अडचणीत येतात.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ही गोष्ट प्रत्यक्ष घडली. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली आणि तोलाई वजा जाता त्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला. त्या वेळी ही वार्ता देशभर गाजली. तो शेतकरी आळशी नव्हता की अज्ञानी नव्हता. त्याचा हिशेब एकट्यापुरता बरोबर होता; चूक बेरजेत झाली.

काळाचे अंतर

या बेरजेत काळही भर घालतो. कांदा वर्षातून तीन वेळा येतो: पावसाळी पिकाचा लाल कांदा, त्यामागून येणारा रांगडा, आणि मार्च ते मे या महिन्यांत निघणारा उन्हाळ कांदा. देशाच्या एकंदर उत्पादनाचा मोठा भाग उन्हाळी पिकाचा असतो आणि साठवणुकीत टिकतोही तोच. चाळीत हवेशीर ठेवलेला हा कांदा पावसाळाभर देशाला पुरवावा लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चाळी रित्या होत आलेल्या असतात, काही माल सडून गेलेला असतो, आणि नवा लाल कांदा यावयाचा असतो. अशा वेळी अवकाळी पाऊस झाला की भाव भडकतात. मोहालीच्या आईला एका महिन्यात जो फरक दिसला, त्याचे एक कारण अशा पोकळीत सापडते.

भाव भडकले की शेतकरी ते पाहतो आणि पुढच्या हंगामासाठी कांद्याचे रोप अधिक टाकतो. शेजारीही तेच करतो. शेजारच्या जिल्ह्यातही तेच होते. काही महिन्यांनी सर्वांचा माल एकदम बाजारात येतो आणि भाव कोसळतात. मग कंटाळून पुष्कळजण कांदा सोडतात आणि त्यापुढील वर्षी पुन्हा टंचाई होते. आजच्या भावावर उद्याचा पेरा ठरविल्यामुळे जे हे चक्र फिरत राहते, त्याची आकृती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. म्हणून अर्थशास्त्रज्ञांनी त्याला तसेच नाव दिले आहे. चांगली साठवण, वेळेवर मिळणारी पेरणीची आकडेवारी, आणि कांद्यापासून टिकाऊ पदार्थ बनविणारे उद्योग हे या जाळ्यातून बाहेर पडण्याचे मार्ग होत.

बेरीज म्हणजे निराळेच गणित

आता मुलीच्या प्रश्नाकडे वळू. एकाच्या बाबतीत जे खरे, ते सर्वांच्या बाबतीत खरे असतेच असे नाही. दुसऱ्या, समग्र विचाराची गरज येथेच उत्पन्न होते. नॉर्वेचे अर्थशास्त्रज्ञ रॅग्नर फ्रिश यांनी १९३३ मध्ये सूक्ष्म आणि स्थूल अशी विभागणी मांडली. आणि १९३६ मध्ये जॉन मेनार्ड केन्स यांच्या ग्रंथाने स्थूल, अर्थात समग्रलक्षी, अर्थशास्त्राचा पाया भक्कम केला. एका वस्तूची किंमत हा येथील विषय नव्हे. देशाचे एकंदर उत्पन्न, एकंदर रोजगार आणि एकंदर भावपातळी हे त्याचे विषय होत.

देशाचे उत्पन्न मोजण्याची खटपट आपल्याकडे फार जुनी आहे. १८६७-६८ या वर्षासाठी हिंदुस्थानातील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये, असा अंदाज दादाभाई नवरोजींनी काढला होता. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमण्यात आली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ हे तिचे एक सदस्य होते.

अशी मोजणी करताना पहिला धोका असतो तो एकच वस्तू दोनदा मोजण्याचा. शेतकऱ्याने कांदा १० रुपयांना विकला, घाऊक व्यापाऱ्याने तो १८ ला आणि दुकानदाराने ३० रुपयांना विकला, तर देशाचे उत्पन्न ५८ रुपयांनी वाढले काय? नाही. शेतकऱ्याने १० रुपयांची, व्यापाऱ्याने ८ रुपयांची आणि दुकानदाराने १२ रुपयांची भर घातली, बेरीज ३०. शेतकऱ्याचा बी-खतावरचा खर्च येथे सोयीसाठी बाजूस ठेवला आहे. प्रत्येक टप्प्यावर पडलेली मूल्याची भर मोजणे, हेच राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाचे रहस्य होय.

कांदा महागला म्हणजे चलनवाढ झाली काय?

एका वस्तूचा भाव वाढला म्हणजे सर्व वस्तूंचे भाव वाढले असे होत नाही. कांदा महाग झाला आणि कापड स्वस्त झाले, तर तो केवळ सापेक्ष बदल होय. बहुतेक वस्तूंचे भाव सातत्याने वर जाऊ लागतात, म्हणजेच रुपयाची खरेदीशक्ती घटू लागते, तेव्हा ती चलनवाढ. ती मोजण्यासाठी सरकार सर्वसाधारण कुटुंबाच्या खर्चाची एक काल्पनिक टोपली करते व तिची किंमत महिन्या-महिन्याला पाहते. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून केलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ व पेये यांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. त्या टोपलीत कांद्याचा स्वतःचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. तथापि भाव दुप्पट-तिप्पट झाला की तेवढाही वाटा निर्देशांकात दिसू लागतो.

रुपयाची खरेदीशक्ती स्थिर असावी, हा विचार एका थोर महाराष्ट्रीयाने शंभर वर्षांपूर्वी आग्रहाने मांडला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरील इंग्रजी प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. केन्स यांनी १९१३ मध्ये हिंदुस्थानच्या चलनावर पुस्तक लिहून तेव्हाच्या सुवर्ण विनिमय पद्धतीचे समर्थन केले होते. आंबेडकरांनी तिच्यातील उणिवा दाखवून दिल्या. पौंडाशी रुपयाचा दर स्थिर राहिला, पण देशात भाव वाढत गेले, तर मजुरी करून खाणाऱ्याला काय लाभ, हे त्या युक्तिवादाचे मर्म होय. पुढे चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली. रुपयाची घसरण सावकाराला व व्यापाऱ्याला झेपते. हातावर पोट असलेल्याला ती झेपत नाही. चलनाचा प्रश्न असा गरिबाच्या ताटाशी जोडलेला आहे.

१ एप्रिल १९३५ रोजी स्थापन झालेल्या रिझर्व्ह बँकेकडे आज हे काम आहे. भाववाढीचा दर चार टक्क्यांच्या आसपास, दोन व सहा टक्क्यांच्या मर्यादेत राखावा, असे उद्दिष्ट २०१६ मध्ये तिच्यासाठी ठरविण्यात आले. त्यासाठी सहा सदस्यांची पतधोरण समिती आहे. भाव सर्वत्र तापू लागले की बँक व्याजाचा दर वाढविते. कर्ज महाग होते, खर्च आवरला जातो आणि मागणी थंडावते. परंतु व्याज वाढविल्याने निफाडात पाऊस पडत नाही आणि चाळीत सडलेला कांदाही परत मिळत नाही. टंचाईमुळे आलेली महागाई व अति मागणीमुळे आलेली महागाई यांवरील औषधे भिन्न आहेत. कोणता रोग आहे हे ओळखण्यासाठी सूक्ष्म दृष्टी हवी, औषधाचा परिणाम सर्व शरीरावर काय होईल हे कळण्यासाठी स्थूल दृष्टी.

काटकसरीचे कोडे

काटकसर हा सद्गुण होय, असे आपण मुलांना शिकवितो. एका कुटुंबाने बचत केली तर ते सावरते. परंतु मंदीच्या दिवसांत सर्वच कुटुंबांनी एकाच वेळी खर्च थांबविला तर? दुकानदाराचा माल पडून राहील, कारखाना बंद होईल, मजूर घरी बसेल. एकाचा खर्च हेच दुसऱ्याचे उत्पन्न असते. म्हणून अशा वेळी शासनाने खर्चासाठी पुढे यावे, असे केन्स यांनी प्रतिपादिले.

महाराष्ट्रात १९७२ च्या भीषण दुष्काळात याचा प्रत्यय आला. पिके गेली तेव्हा पिकावर जगणाऱ्या मजुराचे कामही गेले. बाजारात धान्य असले, तरी ते विकत घेण्यासाठी त्याच्या हाती पैसा नव्हता. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेली रोजगार हमी योजना त्या काळात राबविली गेली. मागेल त्याला काम, आणि कामातून तलाव, बंधारे व रस्ते, असे तिचे स्वरूप होते. १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप देण्यात आले. २००५ च्या केंद्रीय कायद्यामागेही हा अनुभव होता. तिच्यासाठी पैसा उभारताना शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातल्या वेतनातून निघालेला रुपया असा खेड्यातल्या मजुराच्या चुलीपर्यंत पोहोचला.

तो रुपया तेथे थांबत नाही. मजुराला १०० रुपये मिळाले व त्याने ८० वाण्याला दिले. वाण्याने त्यांतील ६४ दुसऱ्या कोणाला दिले. असे चक्र चालत गेले तर मूळच्या १०० रुपयांतून एकंदर ५०० रुपयांपर्यंत उत्पन्न निर्माण होऊ शकते. यालाच गुणक म्हणतात. मात्र एक अट आहे. पैसा वाढला तसा मालही वाढला पाहिजे. माल तेवढाच राहिला तर उत्पन्नाऐवजी भावच वाढतील, आणि आपण पुन्हा चलनवाढीच्या दाराशी येऊ.

दोन्ही पारडी

शासनाला हे दोन्ही हिशेब एकदम सांभाळावे लागतात, आणि ते सोपे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविण्यात आले. डिसेंबरात निर्यातच बंद करण्यात आली. ग्राहकांना कांदा रास्त भावात मिळावा हा हेतू. मे २०२४ मध्ये किमान निर्यात मूल्य व शुल्क यांच्या अटींवर बंदी उठविण्यात आली, सप्टेंबरात शुल्क २० टक्क्यांवर आणले गेले आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झाले. शुल्क लागले तेव्हा नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. देशी बाजारात माल अडवून भाव उतरविला, तर तो उतार शेतकऱ्याच्या पदरी पडतो. निर्यात मोकळी सोडली, तर टंचाईच्या महिन्यांत शहरातील गरिबाची फोडणी महागते.

येथे सोपे उत्तर कोणाजवळ नाही. शेतकऱ्याची बाजू खरी आहे आणि गृहिणीचीही. एवढे मात्र निश्चित की, एकाच पारड्याकडे पाहून केलेला निर्णय दुसऱ्या पारड्यातल्या माणसाला न कळत दुखवितो. त्याला त्याची झळ लागते कधी? पेरणी होऊन गेल्यावर, म्हणजे उपाय हाती उरलेला नसताना. म्हणून नियम वारंवार व अकस्मात बदलू नयेत, आणि साठवणुकीवर आधीच खर्च व्हावा, ही अपेक्षा दोन्ही बाजूंना सारखीच मान्य होण्यासारखी आहे.

विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. एक वही घालावी. दर आठवड्याला घरी आलेल्या पाच वस्तूंचे भाव तीत टिपावेत आणि भाव बदलल्यावर स्वतःला चार प्रश्न विचारावेत: मागणी बदलली की पुरवठा? ही एकाच वस्तूची गोष्ट आहे की सर्वच वस्तूंची? यात लाभ कोणाचा झाला? आणि भार कोणावर पडला? पहिला प्रश्न सूक्ष्म अर्थशास्त्राचा आहे, दुसरा स्थूल अर्थशास्त्राचा; उरलेले दोन नागरिकाचे आहेत. वर्षअखेर ती वही पाठ्यपुस्तकाच्या शेजारी ठेवावी, म्हणजे पुस्तकातल्या रेषांना माणसांचे चेहरे दिसू लागतील.

मोहालीतील त्या घरात आता कांदा फोडणीत पडला असेल. मुलीने पुस्तक मिटले आहे. “आई, तू आज साठ रुपये दिलेस, त्यांतले शेतकऱ्याला किती मिळाले असतील गं?” असे ती विचारते. हा तिसरा प्रश्न तिला पुस्तकाने दिलेला नाही. तिला तो स्वतः सुचला आहे. अर्थशास्त्राचा अभ्यास खऱ्या अर्थाने येथून सुरू होतो.